कॅरमपटूची कारणमीमांसा

तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत ‘कारणमीमांसा’ हा शब्द कार्यकारणभावाच्या शोधासाठी योजला जातो. परंतु त्याचे सर्वांत जोमदार उपयोजन पाहावयाचे असेल, तर कॅरमचा डाव संपल्यानंतरची पहिली दहा मिनिटे निवडावीत. सोंगटी भोकात गेली, तर ती का गेली असे कोणी विचारत नाही आणि विचारलेच तर ‘हात’ हे दोन अक्षरी उत्तर पुरते. ती भोकाच्या ओठावर येऊन थांबली, तर मात्र पावडर, पाऊस, बल्ब, बोर्डाचे वय आणि शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थाचे खोकणे अशा अनेक कारणांचा सविस्तर ऊहापोह होतो. गल्लीतल्या बोर्डावर कोणाला न ऐकणारा पोरगा स्पर्धेचा खेळाडू होतो म्हणजे त्याच्या मनात नेमके काय घडते, हा प्रस्तुत लेखाचा विषय असून त्याचे अभ्यासक्षेत्र कागल हे आहे.

कागलची निवड अकारण केलेली नाही. कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर, पुणे-बेंगळुरू महामार्गालगत वसलेले आणि कर्नाटकाच्या हद्दीला जवळपास खेटलेले हे तालुक्याचे गाव. २६ जून १८७४ रोजी जन्मलेले आणि १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले राजर्षी शाहू महाराज येथल्या घाटगे घराण्याचे, आणि ‘झोंबी’कार आनंद यादव याच मातीतले. याखेरीज संपूर्ण जिल्हा कागलला ‘राजकारणाचे विद्यापीठ’ म्हणून ओळखतो. ज्या विद्यापीठात निवडणूक संपल्यावर कोणत्या गटाने कोणाचे काम केले आणि कोणी आतून केले नाही याची चिकित्सा पुढील निवडणुकीपर्यंत चालते, तेथे पराभवाची कारणे शोधण्याची विद्या कॅरमच्या बोर्डापर्यंत झिरपली नसती तरच नवल होते.

या विद्येची वाढ समजण्यासाठी आधी कुस्तीकडे वळावे लागते. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबागचे मैदान उभे राहिले आणि करवीरच्या मुलखात तालमींचे जाळे पसरले. तालीम म्हणजे मल्लांनी लाल मातीत मेहनत करण्याची जागा. पुढे तिच्याभोवती मंडळ झाले, मंडळाभोवती गणेशोत्सव झाला, आणि कालांतराने कित्येक मंडळांच्या खोल्यांत मारुतीची तसबीर भिंतीवर, मुद्गल कोपऱ्यात आणि कॅरमबोर्ड मधोमध अशी व्यवस्था स्थिर झाली. लाल मातीची जागा पांढऱ्या पावडरीने घेतली, एवढाच बदल झाला असे वरवर वाटते. पण त्या बदलात एक मोठी गोष्ट हरवली. कुस्तीत पाठ मातीला टेकली की मल्ल चितपट होतो, आणि उठल्यावर ती माती त्याच्या पाठीवर पुराव्यादाखल चिकटलेली असते, जी हजारो लोकांना दिसते आणि जिच्याशी वाद घालता येत नाही. कॅरममध्ये हरलेल्याची पाठ स्वच्छ राहते. पराभवाचा पुरावा अंगावर नसल्यामुळे तोंड मोकळे होते, आणि मोकळ्या तोंडाने भोकात घातलेल्या सोंगट्यांचा हिशेब कोणत्याही संघटनेने ठेवलेला नाही.

खेळाची घडणही या प्रवृत्तीला पोषक आहे. स्पर्धेचा बोर्ड आतून सुमारे ७४ सेंटिमीटर चौरस असतो. त्यावर नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक लाल, म्हणजे राणी, अशा एकोणीस सोंगट्या मांडतात आणि १५ ग्रॅमपेक्षा जड नसलेल्या स्ट्रायकरने त्या चार कोपऱ्यांतल्या भोकांत घालावयाच्या असतात. राणी घेतल्यावर लगेच आपली एक सोंगटी घालून तिला ‘कव्हर’ द्यावे लागते, नाहीतर ती परत मधोमध येऊन बसते. एक गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा, म्हणजे डावांचा, जे आधी होईल तसा. राणीचे गुण ३, परंतु खेळाडू २२ गुणांवर पोहोचला की ते मिळणे बंद होते, म्हणजे वैभवाच्या शिखराजवळ आलेल्या पुरुषाला राणीचा उपयोग उरत नाही, हे सत्य नियमावलीने कोणताही भाव न आणता नोंदवून ठेवले आहे. स्ट्रायकर स्वतःच भोकात गेला, तर घातलेली सोंगटी दंड म्हणून बाहेर काढावी लागते. घातलेली नसल्यास दंड ‘ड्यू’ म्हणून अंगावर राहतो. सहकारी संस्थांच्या जिल्ह्यात थकबाकीची ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

गल्लीचा कॅरम यापेक्षा उदार असतो. तेथे पांढरीचे वीस, काळीचे दहा आणि राणीचे पन्नास असा सर्वांना तोंडपाठ असलेला भाव चालतो, कोपर कोठेही टेकते, शरीराचा वरचा अर्धा भाग बोर्डावर आडवा होऊ शकतो आणि नेम धरण्यासाठी बल्ब जाईपर्यंतचा अवधी मिळतो. याउलट स्पर्धेत कोपराने ठरलेली कल्पित रेषा ओलांडलेली चालत नाही, बोर्ड चालू असताना खुर्ची सोडता येत नाही, आणि फटका १५ सेकंदांत मारावा लागतो. अखिल भारतीय कॅरम महासंघ १९५६ पासून आणि आंतरराष्ट्रीय महासंघ १९८८ पासून हा कारभार पाहत आला असून, तमिळनाडूचे मारिया इरुदयम यांना १९९६ चा अर्जुन पुरस्कार याच खेळासाठी मिळाला, तर मुंबईचे प्रशांत मोरे आणि पुण्याचे योगेश परदेशी यांनी विश्वविजेतेपद महाराष्ट्रात आणले. सांगावयाचा मुद्दा असा की, ज्या खेळाला घरोघरी ‘सुट्टीतला टाइमपास’ म्हणतात, त्यात विश्वविजेता होण्याची सोय आहे, आणि ही बातमी कागलच्या पोराला कळली की त्याच्या आयुष्यातली शांतता संपते.

स्पर्धेला निघालेला खेळाडू सोबत एक स्ट्रायकर आणि पाच प्रकारची कारणे घेऊन निघतो. पहिले कारण पावडरीचे. बोरिक पावडर कमी असेल तर ‘बोर्ड जड हुता’ आणि जास्त असेल तर ‘बोर्ड पळत हुता’. ती प्रमाणात असल्याची नोंद हरलेल्या खेळाडूच्या तोंडून अद्याप झालेली नाही. दुसरे कारण हवेचे, कारण जून ते सप्टेंबर या काळात प्लायवूड ओल धरते आणि त्यामुळे सोंगटी मंदावते हे खरेच असते. मात्र ती ओल केवळ एकाच बाजूने बसलेल्या खेळाडूच्या फटक्यांना कशी धरते, याचा खुलासा होत नाही. तिसरे कारण प्रकाशाचे, ज्यात बल्बची सावली नेहमी आपल्याच सोंगटीवर पडते. चौथे प्रेक्षकांचे. पाचवे आणि शेवटचे नशिबाचे, जे पहिली चार संपल्यावर, साधारणपणे चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर काढतात. या कारणांचे वैशिष्ट्य असे की ती सर्व अंशतः खरी असतात. निखळ खोटे कारण कोणीही सोडून देतो. अर्धे खरे कारण मात्र माणूस आयुष्यभर सांभाळतो आणि नातवाला देऊन जातो.

नशिबाच्या मुद्द्यावर अमेरिकेचा दाखला उपयोगी पडतो. तेथे पिनबॉल नावाचा यंत्रखेळ आहे: काचेखालचा उतरता फळा, त्यावर सुटणारी पोलादी गोळी, आणि ती खालच्या फटीत पडू नये म्हणून दोन बटणांनी हलविता येणाऱ्या दोन पट्ट्या. खिळे ठोकलेल्या लाकडी फळीवर गोटी सोडण्याचा जो बागाटेल मराठी घरांतल्या मुलांनी खेळला, त्याच्याच कुळातला हा श्रीमंत भाऊ. हा खेळ म्हणजे नुसते नशीब, अतएव जुगार, असे ठरवून न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये त्यावर बंदी घातली. १९७६ मध्ये रॉजर शार्प या खेळाडूने नगर परिषदेच्या समितीसमोर गोळी कोठे जाईल हे आधी सांगून तिला तेथे धाडून दाखविले आणि बंदी उठली. एका संपूर्ण शहराला जे पटायला ३४ वर्षे लागली, ते हरलेल्या कॅरमपटूला एका संध्याकाळीत पटावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

याच यंत्रात स्पर्धेच्या मानसशास्त्राचा सर्वांत प्रामाणिक शिक्षक बसविलेला असतो. गोळी वाचविण्यासाठी खेळाडूने यंत्राला हलकासा धक्का देणे हा खेळातलाच डाव मानला जातो. पण धक्का प्रमाणाबाहेर गेला, तर आत टांगलेला लंबक भोवतीच्या कड्याला टेकतो, ‘टिल्ट’ अशी अक्षरे उजळतात, पट्ट्या निर्जीव होतात, आणि खेळाडूला दोन्ही बटणे दाबत, आपली गोळी शांतपणे खड्ड्यात जाताना पाहत उभे राहावे लागते. हा शब्द पुढे पत्त्यांच्या पोकर खेळात शिरला आणि हरल्याच्या रागात एकामागून एक चुका करत सुटलेल्या माणसाच्या अवस्थेला ‘टिल्ट’ म्हणू लागले. कागलात या अवस्थेला ‘डोस्कं फिरलं’ म्हणतात. राणी घेतली, कव्हर हुकले, राणी परत आली, प्रतिस्पर्ध्याने ती घेऊन कव्हरही दिले, की पुढचा फटका नेम धरून मारला जात नाही. तो बोर्डावर राग काढण्यासाठी मारला जातो, आणि स्ट्रायकर भोकात जाऊन वर दंड बसतो. कॅरमबोर्डात लंबक नाही, ही या खेळाची मोठी उणीव म्हणावी लागेल. यंत्र जे काम निमूटपणे करते, ते येथे मंडळाच्या कार्यकर्त्यांना ‘सोड भावा, तुझं काय खरं न्हाई आज’ असे बोलून करावे लागते, आणि त्याचा परिणाम नेमका उलटा होतो.

कार्यकर्त्यांचा विषय निघालाच आहे, तर प्रेक्षकांच्या उपस्थितीचा परिणाम येथेच पाहणे योग्य. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झुरळांना उजेडापासून पळावयास लावले आणि बाजूच्या पारदर्शक कप्प्यांत प्रेक्षक म्हणून दुसरी झुरळे बसविली. वाट सरळ होती तेव्हा प्रेक्षकांसमोर झुरळे अधिक वेगाने धावली. वाटेत वळण होते तेव्हा मात्र प्रेक्षकांसमोर त्यांना अधिक वेळ लागला. तात्पर्य असे की, जे काम अंगवळणी पडलेले असते ते लोकांसमोर अधिक चांगले होते, आणि जे अजून कच्चे असते ते अधिक बिघडते. भोकासमोरची सरळ सोंगटी गर्दीत हमखास जाते, आणि पलीकडच्या कडेवर आपटून परत आणावयाची, म्हणजे ‘रिबाउंड’ची, सोंगटी घरी दहापैकी आठ वेळा गेली तरी मंडपात रुसते, याचे रहस्य हेच. ज्या बोरिक पावडरीवर कॅरम चालतो, तीच कणकेच्या गोळ्यांत कालवून घराघरांत झुरळांसाठी ठेवतात, या योगायोगातून कोणता निष्कर्ष काढावा हे वाचकांवर सोपविलेले बरे.

सर्वांत गहन प्रश्न शेवटच्या सोंगटीचा आहे. आठ सोंगट्या लीलया घातलेल्या खेळाडूची नववी, भोकाजवळची, लहान मुलानेही घालावी अशी सोंगटी हुकते, आणि ती हुकणार हे बघ्यांना खेळाडूच्या आधी कळलेले असते. मानसशास्त्राचे म्हणणे असे की सरावाने एखादे कौशल्य बोटांच्या स्वाधीन झालेले असते. दडपणाखाली मन ते बोटांकडून परत मागून घेते आणि बोट किती वाकवावे, नख कोठे टेकवावे, श्वास केव्हा सोडावा याची नव्याने चौकशी सुरू करते. हँडलला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून चिखलातून सायकल हाकणाऱ्या माणसाला वाटेत थांबवून तोल कसा साधतोस असे विचारले, तर पुढच्या वळणावर दूध सांडते, तसाच हा प्रकार. बोर्डावर मात्र चौकशी करणारा आणि सायकल हाकणारा एकच असतो. यावर अनुभवी खेळाडूंचा उपाय अगदी साधा असतो: प्रत्येक फटक्याआधी ठरलेल्याच तीन-चार हालचाली ठरलेल्याच क्रमाने करावयाच्या. स्ट्रायकर पुसणे, रेषेवर ठेवणे, एकदा भोकाकडे पाहणे, मारणे. मनाला हे किरकोळ काम लावून दिले की ते बोटांच्या कारभारात नाक खुपसत नाही. गावात ज्येष्ठांना सत्काराच्या नारळांची व्यवस्था सोपवितात, त्यामागेही हेच तत्त्व असते.

दुहेरीचा खेळ हा याहून कठीण आणि कागलच्या दृष्टीने जवळजवळ अशक्य कोटीतला आहे. यात जोडीदार समोरासमोर बसतात आणि स्पर्धेत एकाने दुसऱ्याला शब्दाने वा खुणेने सल्ला देणे मान्य नसते. आपला माणूस समोर बसून डोळ्यांदेखत चुकीची सोंगटी निवडत आहे आणि आपण त्याला काही बोलावयाचे नाही, ही शिस्त ज्या गावात गटाची बैठक संपल्यावर खरी बैठक पानाच्या दुकानासमोर सुरू होते तेथे रुजविणे किती अवघड, हे वेगळे सांगावयास नको. भुवई उंचावणे ही खूण मानावी की स्वभाव मानावा, एवढ्याच मुद्द्यावर पंचांची मोठी पंचाईत होते.

येथवरच्या विवेचनावरून करवीरच्या माणसाला शांत बसणेच जमत नाही, असा कोणाचा समज झाल्यास तो चुकीचा ठरेल. रांगड्या कुस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या याच जिल्ह्याने रायफल आणि पिस्तूल या अत्यंत निश्चल खेळांत तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे असे नेमबाज दिले. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळविले, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले. मल्ल खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या हेलसिंकीतील कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. एक पदक प्रतिस्पर्ध्याला अंगाने लोळवून मिळाले, दुसरे स्वतःच्या अंगाला हलू न देता. नेमबाजीचा आणखी एक गुण असा की गोळी सुटली की लक्ष्यावर आकडा उमटतो, आणि त्या आकड्याशी हुज्जत घालणे हे मातीने भरलेल्या पाठीशी हुज्जत घालण्याइतकेच निरर्थक असते. म्हणजे मल्ल आणि नेमबाज या दोघांनाही खेळाने जे आयते दिले, ते कॅरमपटूला स्वतःच्या मनात तयार करावे लागते.

स्पर्धेचा खेळाडू घडण्याच्या पायऱ्या यावरून निश्चित करता येतात. पहिल्या स्पर्धेत तो पहिल्या फेरीत हरतो आणि कोल्हापूर ते कागल या २० किलोमीटरच्या परतीच्या प्रवासात पाचही कारणे पिकवून, गावात पोहोचेपर्यंत नैतिक विजेता झालेला असतो. दुसऱ्या पायरीवर तो घरूनच स्वतःची पावडर नेतो, ती वापरण्याची परवानगी मिळत नाही, आणि त्यामुळे पहिले कारण अधिक बळकट होते. तिसऱ्या पायरीवर त्याच्या एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते: त्याला हरविणारा खेळाडूही त्याच बोर्डावर, त्याच ओलीत, त्याच बल्बखाली आणि त्याच खोकणाऱ्या गृहस्थाच्या शेजारी बसून खेळत होता. ही जाणीव क्लेशदायक असल्यामुळे पुष्कळजण येथूनच मागे फिरतात आणि मंडळात मार्गदर्शक होतात. जे टिकतात, ते चौथ्या पायरीवर हळूहळू प्रश्न बदलतात. ‘पावडर कशी होती’ याऐवजी ‘पावडर तशी होती, तर जोर कमी का नाही केला’ असे ते विचारू लागतात. तेच पावडरीचे कारण आता सबब राहत नाही, अभ्यासाचा विषय होते. सबब आणि अभ्यास यांत फरक एवढाच की पहिली हरल्यावर लोकांना सांगतात आणि दुसरा पुढच्या डावाआधी स्वतः करतात.

चौथी पायरी गाठलेला खेळाडू गावात ओळखण्याची खूण सोपी आहे. तो हरून परत येतो, मंडळाच्या दारात ‘काय झालं रं?’ असा प्रश्न होतो, ऐकणारे बाकडे सरकवून, चहा सांगून, निदान अर्ध्या तासाच्या वृत्तांताची तयारी करून बसतात, आणि तो ‘हरलो’ एवढेच बोलून बोर्डावर सोंगट्या मांडायला घेतो. अशा माणसाबद्दल प्रारंभी मंडळात नाराजी असते, कारण त्याने सर्वांची संध्याकाळ वाया घालविलेली असते. परंतु जिल्ह्याच्या पातळीवर पुढे जाण्याची शक्यता त्याचीच असते. स्पर्धेच्या गुणपत्रिकेत बोर्डाचा क्रमांक, गुण आणि एकूण बेरीज यांसाठी रकाने असतात. कारणासाठी एकही नसतो.